अर्धा घोडा आईचा, अर्धा बाबाचा

माझ्या भाचीला सरळ चालताना कोणी पाहिलेलं नाही. ती एक तर उड्या मारत येते, नाहीतर गरगर फिरत, नाहीतर जिन्याच्या कठड्यावरून घसरत. शाळेत हजेरी घेताना तिचं खरं नाव पुकारलं की तीच आधी इकडेतिकडे बघते, ही नवीन मुलगी कोण आली म्हणून. घरीदारी सगळे तिला भिंगरी म्हणतात. मीही तेच म्हणते, आणि चिडले की ‘भिंगरे’ म्हणते. म्हणजे दिवसातून बऱ्याचदा.

मी तिची आत्या. माझी लाँड्री आहे आणि लाँड्रीची एक पांढरी व्हॅन आहे. ती मीच चालवते. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे पडदे आणि गेल्या वर्षापासून भिंगरी, एवढा माल माझ्या गाडीत असतो. तिचे आईबाबा, म्हणजे माझी वहिनी आणि माझा दादा, आता वेगळे राहतात. एक आठवडा ती आईकडे, एक आठवडा बाबाकडे, आणि ने-आण माझ्याकडे. लोक मला विचारतात, अहो, आता ती तुमची वहिनी कुठली? मी सांगते, लग्न त्यांचं मोडलंय, माझं नातं कोणी मोडलेलं नाही. तुमच्या चादरी घ्या आणि निघा.

दादा-वहिनी दोघं मिळून सोफे बनवायचे. लाकडी सांगाडा दादाचा. वर स्प्रिंगा, फोम, कापड, गुंड्या हे सगळं वहिनीचं. काम दोघांचंही फर्स्टक्लास. पण सोफ्याला पुढची बाजू एकच असते, हा त्यांचा मोठा प्रॉब्लेम होता. पाठ भिंतीला लागते, ती कोणी बघत नाही. पुढचे हात, पुढचे पाय, पुढची झालर, तिथे प्रत्येकाला आपली कलाकारी दाखवायची असायची. त्यावरून जे भांडण जुंपायचं ते खालच्या दुकानापर्यंत ऐकू जायचं. आणि फक्त सोफ्यावरून नाही. आवडती खुर्ची, रेडिओचं स्टेशन, खिडकीजवळची जागा, चांगली धारेची कात्री. जे जे म्हणून आवडायचं, त्याच्यावरून दोघं कचाकचा भांडायचे.

शेवटी दोघांनी शहाणपणाने ठरवलं की वेगळं राहायचं. दादा जुन्या वर्कशॉपमध्ये राहिला, वहिनीने बसस्टॉपसमोर पडद्यांचं आणि सोफा-कव्हरांचं दुकान टाकलं. आणि दोघांनी एकच शपथ घेतली: पोरीसमोर आवाज चढवायचा नाही.

ती शपथ त्यांनी इतकी पाळली, इतकी पाळली, की मला वेड लागायची पाळी आली.

दर शनिवारी दारात उभं राहून यांचं सुरू.

“तू ने ना तिला,” दादा म्हणणार.

“नाही, तुला ठेवायची असेल तर ठेव,” वहिनी म्हणणार.

“माझं काय, तुझ्या सोयीने.”

“नाही नाही, तुझी सोय आधी.”

“तसं नाही, तूच ठरव.”

मी गाडीत बसून हॉर्न वाजवतेय, मागे हॉटेलच्या चादरी वाट बघतायत, आणि ही दोघं एकमेकांना दरवाजा धरून उभी आहेत. मध्ये भिंगरी, पाठीला दप्तर, हातात चपलांची पिशवी. कधी याच्या तोंडाकडे बघते, कधी तिच्या.

अशाच एका शनिवारी ती गाडीत येऊन बसली आणि चक्क सरळ बसली. मला तेव्हाच कळलं की काहीतरी बिनसलंय.

“आत्या,” ती म्हणाली, “मी कोणालाच नको आहे का गं?”

मी गाडी बाजूला घेतली. “काहीतरीच काय बोलतेस!”

“मग दोघं ‘तू ने, तू ने’ का करतात? रेडिओवरून केवढे भांडले होते. कात्रीवरून आई आठवडाभर बोलत नव्हती. माझ्यावरून एकदा तरी भांडले का?”

मी म्हटलं, “अगं, ते तुझ्यासाठीच तर भांडत नाहीत.”

“हेच तर म्हणतेय मी,” भिंगरी म्हणाली, “माझ्यासाठी नाहीच भांडत.”

“ते पुन्हा एकत्र राहायला हवेत, असं वाटतं का तुला?”

“छे! मी काय लहान आहे? ते नाही व्हायचं, माहितीये मला. मला फक्त बघायचंय.” काय बघायचंय ते तिने सांगितलं नाही. पण पुढच्या सिग्नलपर्यंत तिचे पाय हलायला लागले होते, आणि तिचे पाय हलायला लागले की डोकंही चालतंय असं समजायचं.

दोन दिवसांनी मला शाळेतून फोन. नाटक बसवणाऱ्या बाई बोलत होत्या. आवाजात आनंद मावत नव्हता. नाटकात रुसलेली राणी घोड्यावर बसून राज्य सोडून जाते. घोडा कुठून आणायचा या काळजीत बाई होत्या, तर भिंगरीने हात वर करून सांगितलं, “आमच्याकडे होतात घोडे.” जसे काही आमच्याकडे रोज सकाळी ताजे घोडे पाडतात. आत दोन मुली बसतील असा, तपकिरी, मोठा. पुढच्या पायात भिंगरी, मागच्या पायात तिची मैत्रीण. त्या मैत्रिणीला सगळे आक्छी म्हणतात, कारण तिला धूळ, ऊन, फुलं, खडू आणि गणित, सगळ्यानेच शिंका येतात.

“भिंगरे,” मी गाडीत बसल्या बसल्या तिला धरलं, “घोडा कोण करणार?”

“अर्धा आई, अर्धा बाबा.”

“कुठला अर्धा कोण?”

“ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.” तिने खिडकीची काच खाली केली, वर केली, परत खाली केली. “डोकं एकच असतं ना, आत्या. डोळे, कान, आयाळ, सगळं पुढेच. आता बघ कसे भांडतात. माझ्या घोड्यासाठी तरी भांडतील की नाही?”

मला हसावं की तिला जवळ घ्यावं तेच कळेना. शेवटी दोन्ही केलं, आणि मागच्या रिक्षावाल्याने शिव्या घातल्या.

दोघांनाही तिने तेच सांगितलं: अर्धा तू करायचास, अर्धा दुसऱ्याने, कुठला ते तुम्ही बोलून ठरवा, तपकिरी रंग, आणि एकमेकांचं शाळेतच बघायचं, आधी नाही. आणि मग ती वाट बघत बसली. कधी फोन होतो, कधी आवाज चढतो, कधी ‘डोकं माझं’ म्हणून कोणी टेबलावर हात आपटतो.

कोणी हात आपटला नाही. दादाकडे गेले तर दादा शिट्टी वाजवत रंधा मारतोय. “वहिनीशी बोललास का रे घोड्याचं?” “त्यात काय बोलायचंय? सगळं नीट होईल,” दादा म्हणाला आणि गूढ हसला. वहिनीकडे गेले तर वहिनी मखमलीवर खडूने रेघा मारतेय. “दादाशी बोललीस?” “गरजच नाही. मी सगळा विचार केलाय,” वहिनी म्हणाली आणि तीही तशीच हसली. एवढी गोड माणसं मला सहन होत नाहीत.

भिंगरी रोज गाडीत चढली की आधी विचारायची, “भांडले?”

“नाही गं.”

“थोडंसं?”

“थोडंसंही नाही.”

मग ती खिडकीबाहेर बघत बसायची.

नाटकाच्या दिवशी सकाळी मी दोन्ही अर्धे उचलले. दोन्ही माझ्याच लाँड्रीच्या चादरीत गुंडाळलेले. दादाच्या गाठोड्यातून काथ्याचा झुपका बाहेर आला होता. मी म्हटलं, वा, आयाळ! वहिनीच्या गाठोड्यातून रेशमी गोंडा लोंबत होता. मी म्हटलं, ही शेपटी. म्हणजे डोकं दादाचं. ठरलं बाई एकदाचं. मी अगदी खुशीत गाडी हाणली. दादा बसने आला, वहिनी चालत आली, आणि रंगमंचामागच्या खोलीत, जिथे बाकं एकावर एक रचून ठेवतात, तिथे आम्ही सगळे जमलो. आक्छी आधीच पोचली होती आणि बाकांच्या धुळीत तिसऱ्यांदा शिंकत होती.

“उघडा,” भिंगरी म्हणाली. ती एका पायावर उभी होती.

दादाने चादर ओढली. काय सांगू! वेताच्या कमानींचा सांगाडा, त्यावर तपकिरी कापड ताणून बसवलेलं, दोन भक्कम मागचे पाय, आणि काथ्याची ही जाडजूड शेपटी. आतून दोरी ओढली की शेपटी टणकन वर जायची. इतका रुबाबदार मागचा भाग मी खऱ्या घोड्याचाही पाहिलेला नाही.

वहिनीचा चेहरा पडला. तिने सावकाश आपली चादर काढली.

तोही मागचाच भाग होता. मखमली, गुबगुबीत, वर सोफ्यासारख्या गुंड्या दाबलेल्या, कडेने पायपिंगची गोल शिवण, आणि खाली पडद्याच्या रेशमी गोंड्याची नाजूक शेपटी.

खोलीत दोन ढुंगणं समोरासमोर उभी होती आणि डोक्याचा पत्ता नव्हता.

“आक्छी!” आक्छी म्हणाली.

“मला वाटलं, डोकं तू करशील,” दादा पुटपुटला.

“मला वाटलं, तू,” वहिनी म्हणाली. “तुला हौस आहे ना पुढच्या कामाची. म्हटलं, घेऊ दे त्याला.”

“मी म्हटलं, घेऊ दे तिला.”

“बरं, असू दे. चूक माझीच.”

“नाही नाही, माझीच.”

मी भिंगरीकडे पाहिलं. तिचा दुसरा पाय जमिनीवर आला होता. “बघितलंस आत्या?” ती म्हणाली. “डोकं कोणालाच नको होतं.” आणि ती रडायला लागली. गाल वाकडे करून, नाक ओढून, अगदी लहान पोरासारखी. मला इतकं वाईट वाटलं की मी त्या दोघांवर खेकसलेच.

“अरे, बोला ना खरं! पोरीला वाटतंय, तिच्यासाठी भांडावं असं तुम्हाला कधी वाटतच नाही. घोड्यासाठी नाही आणि तिच्यासाठीही नाही. दर शनिवारी दारात ‘तू ने, तू ने’ करता, ते तिला काय ऐकू येत असेल?”

वहिनी मटकन बाकावर बसली.

“डोकं नको होतं?” दादा म्हणाला. त्याचा आवाज चढायला लागला. “मला नको होतं? अगं, डोक्याचं लाकूडसुद्धा कापलं होतं मी! जबडा हलणारा करणार होतो! तुझ्या आईसाठी सोडलं!”

“कोणी सांगितलं होतं सोडायला?” वहिनी ताडकन उठली. “माझ्याकडे काचेचे डोळे आणून पडलेत! पापण्या शिवल्यात मी, पापण्या! ते सगळं कपाटात ठेवून ढुंगणाला गुंड्या लावत बसले, का? तर तुला पुढचं आवडतं म्हणून!”

“मग विचारायचं होतंस!”

“तू विचारायचं होतंस! स्वतः कधी काही विचारलंयस?”

“आणि तो गोंडा? घोड्याला पडद्याचा गोंडा कोण लावतं?”

“तुझ्या त्या काथ्याच्या झाडूपेक्षा बरा!”

“झाडू? झाडू म्हणालीस?”

वर्षभराचं साठलेलं होतं, धो धो बाहेर पडलं. नाटकवाल्या बाई दारातून डोकावल्या आणि तशाच मागे सरकल्या. आणि मला एक विचित्र आवाज आला. भिंगरी. आधी वाटलं हुंदका आहे, पण ती हसत होती. डोळ्यांत पाणी, नाकाला शेंबूड, आणि पोट धरून हसतेय. “पापण्या!” ती म्हणाली. “आईने पापण्या शिवल्या! बाबा जबडा करणार होता!” तिने भांडणाऱ्या दोघांभोवती एक गिरकी घेतली, मग दुसरी. तिला हसताना बघून आक्छी हसायला लागली, हसताना शिंकायला लागली, आणि मग मलाही आवरेना. दादा-वहिनी मध्येच थांबले. एकमेकांकडे पाहिलं, त्या दोन ढुंगणांकडे पाहिलं. वहिनीच्या नाकातून फुर्रकन हसू फुटलं आणि दादा तर खालीच बसला.

“घोडा तयार आहे का हो?” बाहेरून बाईंचा रडवेला आवाज आला. “राणी रुसून बसलीये, तिला न्यायला कोणीच येत नाहीये!”

“तयार आहे!” भिंगरी ओरडली.

“अगं, डोकं?” वहिनी म्हणाली.

“असू दे. असाच नेते.”

दोघं गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही अर्धे मध्ये जोडायला लागली. भांडण चालूच. दादा खिळे ठोकतोय, वहिनी टाके घालतेय. ‘इथे खिळा नको, कापड फाटेल’, ‘टाका टिकणार नाही, खिळाच हवा’. एका बाजूने भिंगरी आत शिरली, दुसऱ्या बाजूने आक्छी, आणि घोडा निघाला.

नाटक मी कडेने पाहिलं. राणी हात वर करून म्हणाली, “ये, माझ्या शूर घोड्या, मला इथून दूर ने!” पडद्याआडून आधी काथ्याची शेपटी आली. लोकांना वाटलं, घोडा मागे मागे चालत येतोय, मोठा शिकवलेला दिसतो. सगळे डोकं यायची वाट बघायला लागले. घोडा येतोय, येतोय, लांबच लांब येतोय, आणि शेवटी आली रेशमी गोंड्याची दुसरी शेपटी. मागच्या रांगेत कोणीतरी खिंकाळलं आणि हशाचा जो फवारा उडाला म्हणता!

राणी बिचारी गोंधळली. बसायचं कुठल्या बाजूला तोंड करून? तेवढ्यात आतून आक्छीची शिंक आली, तिच्या हातून दोरी ओढली गेली आणि शेपटी टणकन उभी राहिली. राणी किंचाळली. घोडा दचकला, भिंगरी एकीकडे पळाली, आक्छी दुसरीकडे, आणि दादाचे खिळे निसटले. मधोमध भोक पडलं आणि त्यातून भिंगरीचं विस्कटलेलं डोकं बाहेर आलं.

राणीने कमरेवर हात ठेवले. ती नाटकाचं सगळं विसरून खरोखरच चिडली होती. “घोड्या, तुझं तोंड कुठाय?”

“घरी राहिलं!” भिंगरी म्हणाली.

“कुठल्या घरी?”

“दोन्ही घरी!”

लोक खुर्च्यांवरून खाली यायचे बाकी होते. माझ्या शेजारी दादा डोळे पुसत होता, वहिनी पदराने नाक पुसत होती, आणि दोघंही एकाच वेळी कुजबुजत होती. “बघ, खिळाच निसटला, माझा टाका नाही.” “लाकूड ओलं होतं!” राणीला शेवटी घोड्याने नेलंच, पण कुठल्या बाजूने ते आम्हाला कोणालाच कळलं नाही.

सगळं आटोपल्यावर आम्ही गाडीपाशी आलो. घोडा मागे चादरींवर आडवा पडला. भिंगरी पुढे माझ्या शेजारी येऊन बसली. शनिवार होता. दादा आणि वहिनी रस्त्यावर उभी. मला वाटलं, आता पुन्हा सुरू, ‘तू ने’, ‘नाही, तूच ने’. मी सवयीने हॉर्नवर हात ठेवला.

वहिनीने तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, “आज ती माझ्याकडे येणार.”

“आज?” दादा म्हणाला. “नाही हं. आज तिचा एवढा मोठा दिवस. आज माझ्याकडे.”

“आठवडा माझा आहे.”

“आठवडा उद्या धर. आजची रात्र मला हवी आहे.”

“तुला हवी आहे? आणि मला नको आहे? आठवडाभर मोकळं घर कसं असतं माहितीये मला! तिच्या चपला दिसल्या नाहीत तर जेवण जात नाही मला!”

“मला जातं का? विचार तिच्या आत्याला! मी तिच्या पलंगाकडे बघत नाही, दारच लावून घेतो!”

आवाज चढला. समोरच्या दुकानदाराने मान बाहेर काढली. एक बाई पिशवी घेऊन उभीच राहिली. दादाने हात उडवले, वहिनीने गाडीच्या दारावर थाप मारली. जिवाला लागेल असं, मनापासून चाललं होतं, आणि दोघांपैकी एकही मागे हटत नव्हतं.

मला हॉटेलला चादरी पोचवायच्या होत्या. “पुरे झालं,” मी म्हटलं आणि किल्ली फिरवायला हात पुढे केला.

भिंगरीने माझं मनगट धरलं. तिने काच पूर्ण खाली केली होती, हनुवटी खिडकीवर टेकवली होती, आणि तिचा चेहरा असा काही खुलला होता की मी तसा वर्षभरात पाहिला नव्हता.

“थांब ना आत्या,” ती म्हणाली. “गाडी चालू नको करूस. भांडू दे त्यांना जरा.”